त्यांच्या घरात भोंगा नव्हता

आमच्या घरमालकांनी मरण्यापूर्वी चूक कबूल केली, ही गोष्ट आता गावात इतक्या वेळा सांगून झाली आहे की सांगणाऱ्यांनाच ती खरी वाटू लागली आहे. सुपारी सोलायला बसलेल्या बायका ती सांगतात. एसटीच्या थांब्यावर ती सांगितली जाते. आणि त्यांचा पुतण्या, जो हल्ली त्याच घराच्या मागच्या अंगाला पर्यटकांसाठी खोल्या चालवतो, तो पाहुण्यांना सोलकढी वाढता वाढता ती रंगवून सांगतो: "आमचे काका जरा सटक होते हो. शेजारच्या बंगलेवाल्यावर राग म्हणून वाडीत भोंगा लपवला होता. शेवटी देवीसमोर माफी मागितली." पाहुणे हसतात.

मी त्या घराच्या पडवीला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहतो. इथल्या शाळेत मराठी शिकवायला आलो तेव्हा भाडेकरू झालो आणि निवृत्त झाल्यावरही गेलो नाही. ते हसणे मला भिंतीतून ऐकू येते, आणि ते ऐकून गप्प बसण्याचे माझे वय राहिलेले नाही. म्हणून सांगतो. भोंगा नव्हता. माफी मागितली नव्हती. आणि ते सटकही नव्हते. विक्षिप्त होते, हे मी स्वतःच सांगेन; पण तो अधिकार त्यांच्याशी अर्धे आयुष्य भांडलेल्या माणसाचा आहे, सोलकढी वाढणाऱ्याचा नाही.

उंच, हाडकुळा माणूस. गुडघ्यापर्यंत धोतर, वर बंडी, खांद्यावर पंचा आणि पंच्याच्या टोकाला गाठ मारून बांधलेले एक पितळी नरसाळे. नरसाळे काकूंचे, म्हणजे त्यांच्या पत्नीचे, खोबरेल डब्यातून बाटलीत ओतायचे. ते कधीच स्वयंपाकघरात नसे.

"माझं नरसाळं द्या आधी," काकू माजघरातून म्हणत. "तेल ओतायचं खोळंबलंय."

"जरा थांब. वापरात आहे."

वापर असा, की नरसाळ्याचे निमुळते टोक कानाला लावून आणि रुंद तोंड जमिनीला, झाडाच्या ढोलीला किंवा विहिरीच्या कठड्याला टेकवून ते ओणवे उभे असत. रस्त्याने जाणारे हसत. त्यांना ते हसणे ऐकू जात नसे असे नाही. काका बहिरे होते असेही पुतण्या सांगतो; त्यांच्याइतके तिखट कान मी या किनाऱ्यावर दुसऱ्या कोणाचे पाहिले नाहीत.

त्यांचे एक वाक्य होते: "गळा देव देतो, जागा आपण शोधायची." दुसरे त्याहून कडवट: "ओरडतो तो, ज्याला जागा सापडलेली नाही." ते स्वतः कधी ओरडले नाहीत. घराची पडवी काटकोनात वळते. तिथे चिऱ्यांच्या दोन भिंती मिळतात आणि छप्पर खाली उतरते. त्या कोपऱ्याला पाठ लावून ते रोजच्या आवाजात बोलत, आणि वाडीच्या टोकाला माडांची आळी साफ करणारा गडी तिथून "आलो" म्हणे. मी कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाही. मला विहिरीपलीकडे पाठवा आणि तिथून बोला, असे मी त्यांना आव्हान दिले. मी पोचलो, वळलो, आणि माझ्या खांद्यामागून कोणी बोलावे तसे शब्द आले: "मास्तर, चपला उलट्या घातल्यात." खाली पाहिले. घातल्या होत्या.

शाळेच्या बक्षीस समारंभाला त्यांना पाहुणे म्हणून बोलावण्याची चूक आम्ही एकदाच केली. माइक बिघडला. मुख्याध्यापक घसा ताणून ओरडू लागले. हे गृहस्थ व्यासपीठावरून उतरले, जिन्याखालच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले आणि तिथून शेवटच्या रांगेतल्या मुलांना स्पष्ट ऐकू येईल अशा शांत स्वरात मुख्याध्यापकांनाच झापले. बक्षिसे राहून गेली.

हे सारे ते प्राण्यांकडून शिकले होते, निदान त्यांचे म्हणणे तसे होते. त्यांचे माझे पहिले भांडणही एका प्राण्यावरून झाले. माझ्या न्हाणीघराच्या सांडपाण्याची नळी बाहेर वाडीत उघडते. पावसाळ्यात त्या नळीच्या तोंडाशी एक झाडबेडूक येऊन बसला आणि अंधार पडू लागला की कोणी लाकडाने दार ठोठावावे तसा टकटकू लागला. मी नळीत बोळा कोंबला. सकाळी घरमालक तो बोळा हातात घेऊन माझ्या दारात उभे.

"मास्तर, हे तुमचं?"

"माझेच. नळीत बेडूक आहे."

"ठाऊक आहे. तुमच्या आधीपासून राहतोय तो."

"तो रोज माझ्या वाचनात व्यत्यय आणतो."

"तुम्ही मोठ्यानं वाचता तेव्हा तो काही बोलला का तुम्हाला?"

मग त्यांनी मला सांगितले की हाच बेडूक पेरूच्या फांदीवर बसला तर त्याचा आवाज कुंपणापर्यंतही पोचत नाही. नळीत शिरून तो पुढे सरकतो, मागे सरकतो आणि ज्या जागी नळी त्याच्या आवाजाला साथ देते तिथे थांबतो. "माणसानं बांधली सांडपाण्यासाठी," ते म्हणाले, "त्याला ती सनई वाटली. दोघांत शहाणा कोण ते तुम्ही ठरवा." मी ठरवले नाही. पण बोळाही पुन्हा घातला नाही.

एका तिन्हीसांजेला त्यांनी मला भेंडीच्या वाफ्यात नेले. एका रुंद पानाच्या मधोमध भोक होते, आणि त्या भोकातून डोके व पंख बाहेर काढून एक फिकट हिरवा रातकिडा बसला होता, करंगळीच्या नखाहून थोडा मोठा. पंख उभे करून तो गात होता. एवढ्याशा जिवाचा तो आवाज असेल हे मला खरे वाटले नाही.

"पंखानं हवा पुढं ढकलली की ती कडेनं मागं पळते," ते कुजबुजले. "आवाज तिथल्या तिथं मरतो. मध्ये पान आलं की पळायला वाट राहत नाही. भोक त्यानं स्वतः कुरतडलंय, आपल्या मापाचं. मोठ्या गळ्याचे किडे या भानगडीत फारसे पडत नाहीत. ज्याचा गळा लहान, त्यालाच जागेची अक्कल."

त्यांचे सगळेच बरोबर असे, असा माझा दावा नाही. कोंबडा उकिरड्यावर चढतो तो आवाज लांब जावा म्हणून, असे ते शपथेवर सांगत. कोंबडा उकिरड्यावर किडे टिपायला चढतो, हे मी त्यांना अखेरपर्यंत ऐकवले आणि आजही ऐकवीन. पण तिसरा प्राणी, ज्याच्यापायी पुढचे सगळे घडले, त्याच्याविषयी ते अक्षरशः बरोबर होते.

तो जमिनीत राहणारा रातकिडा. पुढचे पाय फावड्यासारखे. ओलसर मातीत तो बीळ खणतो, आणि बिळाचे तोंड साधे भोक नसते. आत निमुळते, बाहेर रुंद होत आलेले, हुबेहूब काकूंच्या नरसाळ्यासारखे. आत एक गोल पोकळी. नर तिथे डोके आत आणि शेपूट बाहेरच्या बाजूला करून बसतो. आधी थोडे गाऊन पाहतो, थांबतो, भिंतींची माती सारखी करतो, पुन्हा गातो. सूर जुळला की मग अंधार दाटेपर्यंत न थांबता, एखाद्या यंत्राने धरावी तशी एक सरळ, घुमणारी तान. वाफ्यातले एक सोडून दिलेले बीळ त्यांनी मला बोटांनी चाचपायला लावले होते. आतून ते सारवलेल्या भिंतीइतके गुळगुळीत होते.

आमच्या वाडीच्या दक्षिणेला मुंबईच्या एका गृहस्थांनी जमीन घेऊन बंगला बांधला. आमच्या घरमालकांकडेही त्यांनी जमिनीची एक पट्टी मागितली होती, ती यांनी दिली नाही. म्हणून दोघांत वाकडे आहे असे गावाने परस्पर ठरवून टाकले होते. बंगलेवाल्यांनी माड तोडले, विकत आणलेली हिरवळ अंथरली, ती बारमाही ओली राहावी म्हणून फवारे बसवले आणि आमच्या कडेला चिऱ्यांची उंच भिंत घातली. जमिनीतल्या त्या किड्याला याहून अधिक काय हवे? पावसाळा सरल्यावर तो नेमका त्या भिंतीच्या पायथ्याशी, त्यांच्याच हिरवळीत, बीळ करून बसला. बीळ नरसाळ्याचे, पाठीशी दगडी भिंत. सगळा आवाज बंगल्याच्या व्हरांड्यावर जाऊन आदळू लागला. तिथे बसणाऱ्याला वाटे की तो भिंतीवरून, आमच्या वाडीतून येतो आहे. त्यातच त्यांच्या राखणदाराने आमच्या घरमालकांना सांजवेळी भिंतीशी नरसाळे घेऊन ओणवे झालेले पाहिले आणि मालकाला जाऊन सांगितले की भोंग्याचे तोंड डोळ्यांनी पाहिले.

तक्रार झाली. एका संध्याकाळी हवालदार आला, बंगलेवाले आले, राखणदार आला, आणि गावातर्फे पालखीचे मानकरी आले. मीही होतो. पुढचे संभाषण मी ऐकलेले आहे, ऐकीव नाही.

"काका, भोंगा कुठं ठेवलाय तेवढं दाखवा," हवालदार म्हणाला. "आपसात मिटवून टाकू."

"भोंगा यांच्याकडं आहे. यांच्या हिरवळीत. चला."

सगळे भिंतीला वळसा घालून हिरवळीवर आले. आवाज बंद झाला.

"बघितलंत सायेब?" राखणदार म्हणाला. "आपन आलो आनि बंद केलान."

"केला कुणी? मी तर इथं उभा आहे," घरमालक म्हणाले.

"हल्ली रिमोट असतो," बंगलेवाले म्हणाले.

घरमालकांनी पंच्याची गाठ सोडली आणि नरसाळे हवालदाराच्या हातात दिले. "हा घ्या रिमोट."

हवालदाराने ते उलटेपालटे करून पाहिले, त्यातून आकाश पाहिले, वास घेतला. "खोबरेलाचा वास येतोय."

"काकूंचे आहे ते," मी म्हणालो.

"आता सगळे खाली बसा," घरमालक म्हणाले. "पाय हलवायचा नाही. त्याला पावलं कळतात."

बसलो. बंगलेवालेही बसले, स्वच्छ पांढऱ्या पँटमध्ये, ओल्या गवतात. काही वेळाने आमच्यापासून हातभर अंतरावर, जमिनीतून, ती तान सुरू झाली. तळव्यांना ती जाणवत होती. हवालदार वाकला, तान थांबली. तो मागे सरला, पुन्हा सुरू झाली. "सायेब," तो बंगलेवाल्यांना म्हणाला, "हितं जरा खनून बघू का?"

"लॉन खणायची नाही," बंगलेवाले म्हणाले.

"खणायचं नाहीच," घरमालक म्हणाले. "बीळ मोडेल, तो मरेल. वाजवणाऱ्याला मारून वाद्य दाखवायचं का?"

त्या दोघांचे एकमत झालेली ती एकच गोष्ट. हवालदार कपडे झटकत उठला, नरसाळे परत दिले आणि "किडाच हाय ओ" असे म्हणून निघून गेला. सरकारच्या लेखी प्रकरण तिथे संपले. गावाच्या लेखी संपले नाही, कारण देवळाच्या सभामंडपावर छप्पर घालून देण्याचे बंगलेवाल्यांनी कबूल केले होते आणि ते रुसले होते.

मानकरी दुसऱ्या दिवशी पडवीत येऊन बसले. तसा माणूस वाईट नाही. पण गावातल्या प्रत्येक गोष्टीला नारळ हेच उत्तर, असे मानणारा.

"काका, खरं-खोटं ऱ्हाऊ द्या बाजूला. देवीफुडं येक नारळ ठेवायचा, चुकलं म्हनायचं. गावाला छप्पर मिळतंय."

"छपरासाठी देवीपुढं खोटं बोलू?"

"तुमाला कुठं बोलायचंय? गाऱ्हानं मीच घालनार. तुमी निस्तं उबं ऱ्हायचं."

"मग उभेही तुम्हीच राहा."

गावाची बैठक झाली आणि ठरले की नारळ ठेवीपर्यंत शिमग्याची पालखी त्यांच्या दारी उतरणार नाही. इतकेच नव्हे, त्यांच्या घरासमोरून जाताना ढोल-सनईचा खालू बाजाही बंद ठेवायचा, मुक्याने जायचे. आमच्याकडे ग्रामदेवीची पालखी शिमग्यात घरोघर येते, अंगणात नाचते, घरची बाई देवीची ओटी भरते. ज्याच्या दारी ती येत नाही, तो गावात राहतो पण गावाचा राहत नाही. हे ज्यांना माहीत आहे त्यांनीच हा ठराव केला, आणि आज तेच म्हणतात की थोडीशी थट्टा होती.

सर्वांत अधिक लागले ते काकूंना.

"लग्न होऊन आल्यापासून एक शिमगा चुकला नाही," त्या म्हणाल्या. "एका किड्यापायी तुम्ही आईला दारातून परत धाडणार?"

"किड्यापायी नाही, माझ्यापायी. मी नारळ ठेवला की भोंगा होता असं होतं. मग मेल्यावरही तो माझ्या घरात राहील."

"नि माझी ओटी?"

 

शिमगा आला. काकूंनी अंगण सारवले, रांगोळी घातली, खण, नारळ, तांदूळ तबकात मांडून त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. वळणावर बाजा थांबला. नुसत्या पावलांचा आवाज करीत पालखी आली. घरमालक अंगणात उतरले नाहीत. ते पडवीच्या त्या कोपऱ्यात गेले, दोन भिंतींना पाठ लावली आणि मला चपलांविषयी सांगितले होते त्याच स्वरात बोलले. गावाने अपमान म्हणून जी शांतता पाळली होती, तीच त्यांच्या उपयोगी पडली. शब्द मी अचूक देतो:

"आई, माझ्या घरात भोंगा नाही. असेल तर माझी वाचा जाऊ दे. नसेल तर ह्यांना कान दे. माझ्या बायकोची ओटी तुझ्यापाशी राहिली आहे, ती विसरू नकोस."

पालखीचे भोई थांबले. मानकऱ्यांनी दचकून मागे वळून पाहिले. कोणी खांद्याशी बोलले असे त्यांना वाटले असावे. सगळी रांग तशीच उभी राहिली. मग मानकरी "चला" म्हणाले आणि पालखी पुढे गेली. काकू तबक घेऊन आत गेल्या. नारळ ठेवा, असे त्या नवऱ्याला त्यानंतर कधी म्हणाल्या नाहीत.

याला हे लोक माफी म्हणतात. रांगेत उभा असलेला प्रत्येक जण ते ऐकून गेलेला आहे, आणि त्यांतला एकही आज ते आठवायला तयार नाही. एवढेच सांगतो की त्यांची वाचा गेली नाही. गेल्या भाद्रपदात ते वारले त्या सकाळी चहात साखर कमी आहे म्हणून त्यांनी काकूंशी वाद घातला होता, आणि तो मी माझ्या खोलीतून ऐकला.

पुतण्याने सूत्रे हाती घेतली. बंगल्याचे फवारे अजून चालू आहेत, भिंतीच्या पायथ्याशी किडा अजून गातो. पुतण्या जेवणाच्या टेबलाशी काकांच्या भोंग्याची गोष्ट सांगत असतो तेव्हा मागे ती तान चालूच असते. हा आवाज कसला, असे एखाद्या पाहुण्याने विचारले तर म्हणतो, "निसर्ग."

यंदाच्या शिमग्यात पाहुण्यांना पालखी पाहायला मिळावी म्हणून त्याने काकांच्या नावाने नारळ ठेवण्याचे कबूल केले. मला कोणी विचारले नाही. काकूंना विचारले असे तो म्हणतो; त्या काय म्हणाल्या ते तो सांगत नाही. बाजा वाजत आला, पालखी अंगणात नाचली, उतरली. पाहुण्यांनी मोबाइल उंचावले.

"काकू, ओटी आना," मानकरी म्हणाले.

काकू आल्या नाहीत. दुसऱ्यांदा हाक गेली. पुतण्या आत गेला आणि एकटाच बाहेर आला. "गुडघे दुखतायत म्हणते. नंतर भरेल. तुम्ही गाऱ्हाणं घाला."

मानकऱ्यांनी डोळे मिटले. "बा आई, ह्या घरच्या धन्यानं भोंग्याची जी काय चूक केली, मरताना कबूल केली, ती पोटात घाल..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

प्रत्येक "व्हय म्हाराजा"नंतर एक श्वासभर शांतता असते. तोवर मी पडवीच्या कोपऱ्यात पोचलो होतो. माझा आवाज मुळात बारीक, त्यात कवळी. दोन्ही भिंतींचे चिरे पाठीला लागले तेव्हा मी बोललो.

"आई, या घरात भोंगा नव्हता. या घरच्या धन्याने चूक केली नाही आणि कबूलही केली नाही. तो तुला काय म्हणाला, ते इथे उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकलेले आहे."

माणसे एकदम मागे वळून पाहू लागली. मी त्यांच्या समोर होतो. "व्हय म्हाराजा" कोणी म्हणाले नाही. मानकरी डोळे उघडून नारळाकडे पाहत राहिले.

मग माजघरातून एक आवाज आला. गाऱ्हाण्याला बायका साथ देत नाहीत, आमच्याकडे तशी रीत नाही.

"व्हय म्हाराजा," काकू म्हणाल्या, आणि तबक घेऊन उंबरा ओलांडून बाहेर आल्या. खण होता, नारळ होता, तांदूळ होते. म्हणजे तबक आधीच मांडलेले होते. त्यांनी कोणाकडे पाहिले नाही. देवीची ओटी भरली, डोके टेकवले, आणि मानकऱ्यांना म्हणाल्या, "आता न्या."

गाऱ्हाणे पुरे झाले नाही. पुतण्याचा नारळ तसाच राहिला. पालखी उठली, बाजा वाजू लागला, तो या वेळी वळणापर्यंत थांबला नाही.

संध्याकाळी पुतण्या माझ्या दाराशी आला. "सर, एवढ्या पाहुण्यांसमोर तुम्ही ओरडायला नको होतं." गावात आता हेही सांगितले जाते, की मास्तर पालखीपुढे ओरडले. ते ज्यांच्या कानावर येईल त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. मी ओरडलो नव्हतो. मी कोपऱ्यात उभा होतो.